विसार देण्यापूर्वी

घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील सांगून गेले. आजच्या बेळगावकर गृहस्थाची कसोटी मात्र बांधण्याच्या आधी, जागा घेतानाच लागते. अनगोळ-वडगावपासून हिंडलगा-कंग्राळीपर्यंत शेते मागे हटली व त्यांत प्लॉट पडले. निवृत्तीचा फंड, पत्नीच्या अंगावरचे सोने व सोसायटीचे कर्ज एकत्र करून माणूस अशा प्लॉटाचा विसार देतो आणि कागद मागाहून पाहतो. हा उलटा क्रम सरळ व्हावा, एवढ्यासाठीच आजचा हा प्रपंच.

सर्वांत घातक चाल म्हणजे बाँडवरची खरेदी. शेतजमीन बिनशेती न करताच तिचे तुकडे पाडावयाचे, मुद्रांकाच्या कागदावर करार लिहावयाचा, जोडीस मुखत्यारपत्र द्यावयाचे आणि शेजाऱ्यानेही असेच घेतले म्हणून धीर द्यावयाचा, हा प्रकार आमच्या वाचकांस अपरिचित नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसत्या करारांनी व मुखत्यारपत्रांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्वच्छ सांगितले आहे. शेजारी विहिरीच्या काठावर निजला, म्हणून आपणही तेथेच अंथरूण टाकावे काय?

मग पाहावे काय? प्रथम मालकी. उताऱ्यावरचे नाव वारसाने आले की खरेदीने, हे मागे मागे जाऊन पाहावे. जमीन वडिलार्जित असेल तर घरच्या लेकींच्या संमतीविना पुढे जाऊ नये. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. सासरी गेलेली बहीण पुष्कळदा उताऱ्यावर दिसत नाही. न्यायालयात मात्र दिसते. दुसरा, बोजाचा दाखला, निदान तीस वर्षांचा. त्यात नोंदलेले व्यवहारच उमटतात, तोंडी तडजोडी नव्हेत. म्हणून वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. तिसरा, बिनशेतीचा हुकूम व मंजूर नकाशा. हे दोन्ही कचेरीत जाऊन ताडून घ्यावेत.

फ्लॅट घेणाऱ्याने प्रकल्पाची रेरा नोंदणी पाहावी. २०१६ च्या त्या कायद्यान्वये करार नोंदविल्याखेरीज बिल्डरास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील अथवा आठपर्यंत सदनिकांचे छोटे प्रकल्प या नोंदणीतून सुटतात. तेथे सावधगिरी दुप्पट हवी. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे जागा निर्वेध ठरली, हाही भ्रमच. बँक आपला पैसा सांभाळते. आपला हक्क आपणच सांभाळावयाचा.

आम्हा सीमावासीयांस आणखी एक अडचण आहे. १९५६ पूर्वीचे कित्येक कागद मराठीत, काही तर मोडीत, त्यानंतरचे कानडीत. कानडी वाचता येत नाही हे सांगण्याचा पुष्कळांस संकोच वाटतो. मग ते ‘ठीक आहे’ म्हणतात आणि दाखवील तेथे सही करतात. या संकोचापायी जन्माची मिळकत जाऊ शकते. मायबोलीचा अभिमान आम्ही कोणाहून कमी बाळगीत नाही. परंतु न वाचलेल्या कागदावर सही करण्यात कसला अभिमान? विकणाऱ्याशी लागाबांधा नसलेला, कानडी उत्तम जाणणारा वकील गाठावा. दस्ताचा मराठी तर्जुमा ओळीओळीने लिहून घ्यावा. चतुःसीमा, क्षेत्रफळ व रक्कम स्वतः ताडावी, घरच्या मंडळींसही वाचून दाखवावी आणि मगच लेखणी उचलावी.

विकणारा म्हणेल, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे. खुशाल येऊ द्यावे. हातचा गेलेला प्लॉट दुसरीकडे मिळेल. गेलेला फंड पुन्हा मिळावयाचा नाही.