दारावरचा तारा आणि मनातले प्रश्न

डिसेंबर अर्धा सरला, की वसईच्या वाड्यांतून, नगर जिल्ह्यातील खेड्यांतून, मुंबईच्या चाळींतून ख्रिस्ती घरांच्या दारांवर कागदी तारे झळकू लागतात. त्या ताऱ्याचे आपल्या आकाशकंदिलाशी असलेले नाते लहान मुलांच्या चटकन ध्यानी येते. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. तशीच ती मुले गवत, माती आणि पुठ्ठा जमवून गोठा रचतात व त्यात बाळ येशूला निजवितात. इटलीतील ग्रेचो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली नाताळचा असा देखावा उभा केला होता. ती प्रथा आज आपल्या मातीत रुजली आहे. आज त्या घरांतून फराळाचे ताट आपल्या दारी येईल. दिवाळीत आपणही पाठविलेले असते.

ताटांची देवघेव अशी वर्षानुवर्षे चालते; प्रश्नांची मात्र चालत नाही. शेजारी दुखावेल या संकोचाने आपण काही विचारीत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाच्या जागी ऐकीव समज ठाण मांडून बसतो. म्हणून आजच्या सणाच्या निमित्ताने आपल्या घरांतून नेहमी निघणाऱ्या काही प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

ख्रिस्ती लोक तीन देव मानतात काय? पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा उच्चार ते करतात हे खरे. परंतु देव एकच, ही त्यांची ठाम श्रद्धा आहे. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे निश्चित शब्दांत सांगितले. हे ऐकून आपल्याला ब्रह्मा-विष्णु-महेश आठवतात. पण उत्पत्ती, स्थिती व लय अशी कार्याची वाटणी तेथे अभिप्रेत नाही. ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती संन्याशाने १८९८ साली संस्कृत स्तोत्र रचून हे त्रैक्य ‘सच्चिदानंद’ या नामाने आळविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येशूला आपण सहज अवतार म्हणून मोकळे होतो. आपल्या श्रद्धेप्रमाणे धर्माला ग्लानी आली की भगवंत पुनःपुन्हा अवतरतात. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव एकदाच, आणि कायमचा, मनुष्य झाला. धर्मशाळेत जागा न मिळालेल्या मातेने त्याला गुरांच्या गव्हाणीत ठेवले. साम्य पाहून आनंद मानावा, पण भेद पुसून टाकू नये. शेजाऱ्याच्या देवाला आपल्याच देवघरातील एक मूर्ती मानणे प्रेमाचे असेल, तरी त्याने त्याची श्रद्धा समजत नाही.

मूर्तींविषयीही असाच घोटाळा होतो. एका चर्चमध्ये मरियेची व संतांची मूर्ती, तर दुसऱ्यात केवळ रिकामा क्रूस, असे का? पहिले बहुधा कॅथलिक असते, दुसरे प्रॉटेस्टंट. कॅथलिक प्रतिमेला मान देतात. आराधना फक्त देवाची, असे ७८७ सालच्या धर्मपरिषदेने सांगून ठेवले आहे. आपल्याप्रमाणे मूर्तीत प्राणप्रतिष्ठा ते करीत नाहीत. मात्र मिस्सामध्ये धर्मगुरूने पवित्र केलेल्या भाकरीत ख्रिस्त साक्षात असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणूनच मध्यरात्रीच्या मिस्साला हौसेने गेलेल्या हिंदू पाहुण्याला ती दिली जात नाही. तो प्रसाद नाकारण्याचा प्रकार नसून, स्नानसंस्कार घेऊन त्या श्रद्धेत आलेल्यांचे ते भोजन आहे. पाहुण्याने शांतपणे बसून राहावे. त्यात कोणाचाही अवमान नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. ‘पाप करावे, कबुली द्यावी आणि मोकळे व्हावे, मग केलेल्या कर्माचे काय?’ ज्याच्या मनावर कर्मसिद्धान्ताचा संस्कार आहे, त्याला हा प्रश्न पडलाच पाहिजे. येथे दोन धर्मांच्या वाटा खरोखरच वेगळ्या होतात. मनुष्य आपल्या पुण्याईने तरत नाही, देवाच्या कृपेने तरतो. येशूने क्रूसावर प्राण देऊन जगाचे पाप आपल्यावर घेतले, ही ख्रिस्ती धर्माची गाभ्याची श्रद्धा होय. त्याच्या मरणाच्या शुक्रवारला ‘शुभ’ म्हणतात ते याचमुळे. आपल्या भक्तिमार्गालाही कृपा अपरिचित नाही. पतितपावन हे नाव आपणच पांडुरंगाला दिले आहे.

पण कृपा फुकट आहे, याचा अर्थ ती स्वस्त आहे असा नव्हे. कॅथलिक माणसाच्या पापकबुलीला पश्चात्ताप, पुन्हा ते न करण्याचा निश्चय आणि झालेल्या हानीची शक्य ती भरपाई यांची जोड असावी लागते. जक्कय नावाच्या जकातदाराची कथा शुभवर्तमानात आहे. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. उपवासकाळाच्या आरंभी, भस्म बुधवारी, कपाळी राख लावून घेतात तीही आपण माती आहोत याचे स्मरण राहावे म्हणून. हिटलरला विरोध केल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये फाशी गेलेले जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपे’वरच प्रहार केला होता.

आणि सर्वांत मोठी अट पुढेच आहे. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत भक्त देवाकडे क्षमा मागतो, ती आपण इतरांना केलेल्या क्षमेचा हवाला देऊन. दररोज, रविवारच्या उपासनेत, मृत्युशय्येवर ख्रिस्ती मनुष्य हेच म्हणतो. ज्याने शेजाऱ्याला क्षमा केली नाही, त्याला ही प्रार्थना स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष ठरते.

ही अट पाळणारी माणसे असतात काय? जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर गावी ग्रॅहॅम स्टेन्स यांना, त्यांच्या दोन लहान मुलांसह, मोटारीत जिवंत जाळण्यात आले. हिंदू म्हणवून घेणाऱ्यांच्या जमावाने ते केले, ही आपल्याला मान खाली घालावयास लावणारी गोष्ट आहे. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि बारीपदा येथील कुष्ठरोग्यांची सेवा त्यांनी २००४ पर्यंत चालू ठेवली. २००५ साली राष्ट्राने त्यांना पद्मश्री दिली. न्यायालयांनी आपले काम केलेच; मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा म्हणजे न्यायाला रजा नव्हे. आपल्या अंतःकरणात सूडाला घर न देणे, एवढाच तिचा अर्थ. आणि तेवढाच तो दुष्कर आहे.

ख्रिस्ती समाजाने हे व्रत नेहमी पाळले काय? नाही. १५६० साली गोव्यात आलेल्या धर्मन्यायालयाने जो छळ केला, तो विसरता येणार नाही. १२ मार्च २००० रोजी रोममधील उपासनेत पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल, सत्याच्या नावाने केलेल्या बळजबरीबद्दलही, देवाजवळ जाहीर क्षमा मागितली. जातिभेदही धर्मांतराने आपोआप सुटला नाही. दक्षिणेत काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा जातीच्या भिंती उभ्या राहिल्या. ज्या घरातून ही जात तेथे गेली, त्या घराने त्यावर हसू नये.

धर्म बदलला म्हणजे भाषा आणि देश सुटला, हाही एक समज. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा संसार दुभंगला आणि लक्ष्मीबाईंनी काही वर्षे एकटीने दुःख काढले. पण टिळकांचे अभंग आजही मराठी उपासनेत गाइले जातात, आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. एका मराठी घराने विरहही सोसला आणि समेटही साधला. तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त ज्याने वाचला असेल, त्याला निराळे सांगावयास नको.

असो. आज फराळाचे ताट आले म्हणजे ते घेऊन आलेल्या मावशींना दारातूनच परत पाठवू नये. बसवून घ्यावे, आणि मनातला एक प्रश्न सरळ विचारावा. त्याही कदाचित आपल्याला एक विचारतील. त्याचे उत्तर आपल्याजवळ तयार आहे काय, हे त्यानिमित्ताने पाहता येईल. वर्षभर कोणाशी अबोला धरला असेल, तर तो सोडण्यासही हाच दिवस बरा. त्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही.

सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.