सत्तर टक्क्यांचा हिशेब

दिल्लीत रेबीजने झालेल्या एका बालमृत्यूच्या बातमीची सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश आला. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बदलला: पिसाळलेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांविषयी स्वतंत्र निर्देश निघाले. या साऱ्या काळात देशभर जो वाद झडला त्यात दोनच पक्ष ऐकू आले, श्वानप्रेमी आणि श्वानविरोधी. ज्या आजाराने त्या बालकाचा जीव घेतला, त्याचे विज्ञान मात्र या गदारोळात फारसे कोणी मांडले नाही.

मी पशुवैद्य नाही, भौतिकशास्त्राची अभ्यासक आहे. त्यामुळे आपल्या घरच्या प्राण्याला कोणती लस, कोणत्या मात्रेत, हे आपल्या पशुवैद्यांनाच विचारावे. मला बोलायचे आहे ते गणिताविषयी, आणि त्या गणितात घरात कुत्रा पाळणाऱ्याचे स्थान काय याविषयी. रेबीज थांबेल की पसरेल हे एका गुणोत्तरावर ठरते: परिसरातील दर शंभर कुत्र्यांपैकी किती कुत्र्यांच्या अंगी आज लसीने आलेली प्रतिकारशक्ती आहे. आपल्या सोफ्यावर झोपलेला कुत्राही त्या शंभरांतलाच एक असतो.

प्रथम आजाराचे गांभीर्य. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक ठरतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत घरोघरी पाहणी केली. तिच्या आधारे देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७२६ माणसे रेबीजने दगावतात, असा अंदाज निघाला. पूर्वी हा आकडा २०,००० सांगितला जात असे. म्हणजे परिस्थिती सुधारली आहे. परंतु चावा बसलेल्या पाचांपैकी एकाने लसीचा एकही डोस घेतलेला नव्हता, हेही त्याच पाहणीत आढळले. ज्या आजारावर १८८५ पासून लस उपलब्ध आहे, त्या आजाराने रोज सरासरी पंधराहून अधिक माणसे जावीत, यात नियतीचा भाग किती आणि आपल्या ढिलाईचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता गणिताकडे वळू. अणुभट्टीत एका विखंडनातून सुटलेल्या न्यूट्रॉनांमुळे सरासरी किती नवी विखंडने होतात, यावर साखळी टिकणार की विझणार हे ठरते. ती सरासरी एकपेक्षा कमी झाली की साखळी आपोआप विझते. साथीच्या रोगाचेही तसेच असते. एका बाधित रुग्णापासून सरासरी किती नव्यांना लागण होते, ही संख्या गोवरासाठी बारा ते अठरा सांगितली जाते. कुत्र्यांमधील रेबीजसाठी मात्र जगाच्या निरनिराळ्या भागांतील साथींवरून ती बहुधा एक ते दोन यांच्या दरम्यानच आढळली आहे. म्हणजे हा आजार जितका भयंकर, तितकाच पसरण्याच्या बाबतीत दुबळा आहे. त्याची साखळी तोडणे गोवराची साखळी तोडण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

समजा, ही संख्या दीड आहे. मग दर तीन कुत्र्यांपैकी एकाला प्रतिकारशक्ती असली तरी साखळी विझू लागते. सुमारे ३३ टक्के पुरेसे. तर मग जागतिक आरोग्य संघटना ७० टक्क्यांचा आग्रह का धरते? कारण कुत्र्यांचे आयुष्य अल्प असते आणि पिल्ले पुष्कळ जन्मतात. समजा, एखाद्या वस्तीत वर्षभरात शंभरांपैकी चाळीस कुत्री मरतात वा निघून जातात आणि त्यांच्या जागी चाळीस नवी, लस न घेतलेली येतात. वर्षारंभी ७० जणांना लस दिली असेल, तर वर्षाअखेर त्यांतली ४२ उरतात. ही संख्या ३३ च्या वर आहे, साखळी विझलेलीच राहील. वर्षारंभी ५० जणांनाच लस दिली असेल, तर वर्षाअखेर ३० उरतात, आणि विषाणूला पुन्हा वाट मिळते. पन्नास आणि सत्तर यांतला फरक कागदावर वीस टक्क्यांचा दिसतो. रस्त्यावर तो साथ असणे आणि नसणे यांतला फरक असतो. पन्नास टक्के काम केल्याने पन्नास टक्के फळ मिळत नाही, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे.

हे केवळ कागदी गणित नाही. गोव्यात राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१३ पासून या तत्त्वावर काम केले. पथके घरोघरी गेली. पाळीव कुत्री मालकाच्या हाती असताना टोचली, मोकाट कुत्री जाळ्याने पकडून टोचली. प्रत्येक नोंद मोबाइलवरील नकाशावर झाली, त्यामुळे कोणती गल्ली राहून गेली हे त्याच दिवशी दिसे. वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस, ७० टक्के व्याप्ती आणि दीड लाख मुलांचे प्रबोधन, असे त्याचे प्रमाण होते. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक रुग्ण ९२ टक्क्यांनी घटले आणि २०१७ नंतर माणसांमधील मृत्यू थांबले. २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात हा सर्व तपशील प्रसिद्ध झाला. गोवा लहान आहे हा आक्षेप रास्त आहे. पण सिंधुदुर्ग, बेळगाव आणि उत्तर कन्नड या जिल्ह्यांना लागून असलेल्या त्या राज्याभोवती कोणतीही भिंत नाही. तेथे कुत्री हद्दपार झाली नाहीत, हेही लक्षात घ्यावे. आजार आटोक्यात आला तो कुत्र्यांसह.

याउलट, ‘कुत्रीच हटवा’ हा उपाय जुना आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. आजचा वाद तेव्हाही होता. अलीकडचे उदाहरण बालीचे. त्या बेटावर २००८ मध्ये रेबीज शिरला, तेव्हा आधी मोठ्या प्रमाणावर कुत्री मारण्यात आली. आजार पसरतच राहिला. बेटभर लसीकरण सुरू झाल्यावर रुग्ण झपाट्याने घटले, आणि लसीकरण ढिले पडताच पुन्हा वाढले. कारण वरच्या हिशेबातच आहे: हटवलेल्या कुत्र्यांत लस घेतलेलीही असतात आणि त्यांच्या जागी येणारी लस न घेतलेली असतात. चावणाऱ्या कुत्र्यांचा त्रास खरा आहे, लहान मुलांच्या आईवडिलांची भीती खरी आहे, आणि आक्रमक जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण तो बंदोबस्त म्हणजे रेबीजचा उपाय नव्हे.

आता आपल्या घराकडे येऊ. मारतहळ्ळीत रिंगरोडलगतच्या संकुलांत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि कुत्री पाळणारीही पुष्कळ. ‘आमचा कुत्रा घराबाहेर जातच नाही, त्याला दरवर्षी लस कशाला?’ हे वाक्य येथे वारंवार ऐकू येते. तो दिवसातून दोनदा फाटकाबाहेर जातो, तेथे गल्लीतल्या कुत्र्यांना हुंगतो, आणि घरी येऊन मुलांचे गाल चाटतो. रस्त्यावरचा विषाणू आणि घरातले मूल यांच्यातील सर्वांत जवळचा दुवा तोच असतो. तेव्हा काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात.

पिल्लाला साधारण तीन महिने पूर्ण होताच रेबीजची पहिली लस, त्यानंतर पशुवैद्य सांगतील तेव्हा दुसरी मात्रा, आणि पुढे दरवर्षी. मांजरालाही तीच शिस्त. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. बेंगळुरूच्या वाहतुकीत दोन तास डिक्कीत फिरलेली कुपी विश्वासार्ह राहत नाही. म्हणून लस दवाखान्यातच घ्यावी आणि कुपीवरचे लेबल लसीकरण पुस्तिकेत चिकटवून घ्यावे.

तीन महिन्यांखालील पिल्लाला लस मिळालेली नसते, त्यामुळे गोजिरवाण्या पिल्लाचा ओरखडाही निरुपद्रवी मानू नये. कापलेल्या कानाचाही गैरसमज मोठा आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानावरील खाच निर्बीजीकरण झाल्याची खूण आहे. ती जन्मभर राहते. यंदाची लस झाली आहे की नाही, हे ती सांगत नाही.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे तोंडातून फेस गाळत धावणारा, हे चित्रही अपुरे आहे. रेबीजचा एक प्रकार शांत असतो. कुत्रा मलूल होतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाळ गळते. घशात हाड अडकले असावे असे समजून मालक मायेने त्याच्या तोंडात हात घालतो. असे लक्षण दिसल्यास हात घालू नये, प्राण्याला वेगळे ठेवून पशुवैद्यांना बोलवावे.

आणि चावा बसलाच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण ते विरघळवतो. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही ते करत नाही. मग त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दंडात घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ व २८; त्वचेत घ्यायच्या लसीचे ०, ३, ७ व २८. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन देणे आवश्यक असते, आणि ते आपण आग्रहाने विचारावे. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. घोट्यापासून मेंदू दूर आहे, गालापासून अगदी जवळ. लहान मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाइतकी असल्याने त्यांना चावे चेहऱ्यावर आणि मानेवर बसतात, आणि म्हणून त्यांच्याकडे वेळ सर्वांत कमी असतो. केरळमध्ये २०२५ मध्ये लस घेऊनही काही मुले दगावली, तेव्हा डॉक्टरांनी याच कारणाकडे लक्ष वेधले होते. कुत्रा वा मांजर दहा दिवस ठणठणीत राहिले तर चाव्याच्या वेळी लाळेत विषाणू नव्हता असे मानता येते. परंतु दहा दिवस वाट पाहून मग लस घेणे हा आत्मघात आहे. लस आधी, निरीक्षण बरोबरीने.

आणखी एक भीती घालवायला हवी. मागच्या पिढीने ‘पोटात चौदा इंजेक्शने’ सोसली. ती मेंढीच्या मेंदूच्या ऊतीपासून केलेली जुनी लस होती आणि भारतात तिचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षे उलटली. तरीही गावाकडच्या नातेवाइकांत त्या चौदा सुयांची आठवण जिवंत आहे आणि लोक दवाखाना टाळतात. आजची लस दंडात घेतात आणि ती सुरक्षित आहे. हे आपल्या आजी-आजोबांना, घरकामाला येणाऱ्या मावशींना, सुरक्षारक्षकांना आवर्जून सांगितले पाहिजे.

हे झाले घराचे. शासनाची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला. माझा आक्षेप त्याच्या प्रगतीच्या बातम्यांना आहे. ‘अमुक हजार कुत्र्यांना लस’ अशी शीर्षके आपण वाचतो. हा अपूर्णांकाचा केवळ अंश झाला. छेद कुठे आहे? किती हजारांपैकी? कोणत्या वॉर्डात? बेंगळुरूच्या २०२३ च्या गणनेत रस्त्यावरची कुत्री सुमारे २ लाख ७९ हजार आढळली. त्यांचे ७० टक्के म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ९५ हजार. शिवाय सरासरीने फसवू नये. एका वॉर्डात ९० टक्के आणि शेजारच्या वॉर्डात २० टक्के झाले, तरी शहराची बेरीज बरी दिसते. विषाणू मात्र वीस टक्क्यांच्या वॉर्डात सुखाने राहतो. महापालिकांनी दरवर्षी वॉर्डनिहाय टक्केवारी प्रसिद्ध करावी, ही मागणी श्वानप्रेमी आणि श्वानविरोधी दोघांनीही एकत्र करण्याजोगी आहे.

शहराचा छेद मिळेपर्यंत आपण आपल्या संकुलाचा छेद मोजू शकतो. सदनिकांतली पाळीव कुत्री आणि फाटकाभोवतीची नेहमीची कुत्री यांची यादी करावी. गेल्या बारा महिन्यांत लस झालेली किती, हे त्यापुढे लिहावे आणि टक्केवारी सूचनाफलकावर लावावी. जे रोज खाऊ घालतात त्यांच्यावर कुत्र्यांचा विश्वास असतो, म्हणून लसीकरणाच्या दिवशी धरायला तेच उपयोगी पडतात. आणि ज्यांना कुत्री नकोशी वाटतात, त्यांनी लसीची वर्गणी द्यायला हरकत नसावी, कारण त्यांचीच मुले त्या फाटकातून शाळेत जातात. एका कुत्र्याच्या लसीला लागतात काही शे रुपये, आणि वीस कुत्र्यांना एक रविवार सकाळ.

आज रात्री आपल्या घरच्या प्राण्याची लसीकरण पुस्तिका उघडून शेवटची तारीख पाहावी. ती बारा महिन्यांपेक्षा जुनी असेल, तर उद्याच पशुवैद्यांची वेळ घ्यावी. आणि संकुलाच्या पुढच्या बैठकीत कुत्र्यांवरून वाद सुरू झाला की एकच प्रश्न विचारावा: ‘आपल्याकडे एकूण किती आहेत आणि त्यांतल्या किती जणांना यंदा लस झाली?’