सवलतीचा जोडा

सवलतीच्या दरात मिळणारे पादत्राण पाहिले की आमचे पाय जमिनीवर राहत नाहीत. हा दोष आमच्या एकट्याचा असता तर तो चारचौघांत मांडण्याचे कारण नव्हते. परंतु बेळगावातील आमच्या परिचयाच्या जुन्या मराठी घरांत डोकावले असता जिन्याखालच्या फळीवर हेच दृश्य दिसते. न घातलेले बूट, एकदाच घातलेल्या चपला आणि 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून जपलेली खोकी. इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या घरांतील फळ्या याहून निराळ्या असतील असे वाटत नाही. काटकसर हा ज्या घरांचा पिढीजात अभिमान, त्याच घरांनी स्वस्ताईपुढे असे लोटांगण घालावे, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. म्हणून आज थोडे कठोर लिहीत आहोत, आणि पहिला आरोपी म्हणून स्वतःलाच उभे करीत आहोत.

आम्ही नोकरीची सारी वर्षे राज्य शासनाच्या वजन-मापे खात्यात काढली. बंद खोक्यातून विकल्या जाणाऱ्या मालावर काय छापले पाहिजे, हे पाहणे आमचे काम. प्रथम १९७७ चे नियम होते. पुढे २००९ चा कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला व त्याबरोबर नवे नियम आले. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता हवा, तयार झाल्याचा महिना व वर्ष हवे, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत हवी. त्या किमतीहून एक रुपया जादा घेणे हा गुन्हा. परंतु ती किंमत किती असावी, हे पादत्राणांच्या बाबतीत सरकार ठरवीत नाही; ती माल बनविणारा ठरवितो. नऊशेला विकावयाच्या जोड्यावर तीन हजार छापण्यास त्याला आडकाठी नाही. म्हणजे 'सत्तर टक्के सूट' ही ज्या आकड्यातून वजा होते, तो आकडा विकणाऱ्या बाजूचाच असतो. आपण वाचविले असे मानतो ते एकवीसशे रुपये कोणाच्याच खिशात कधी नव्हते, ते फक्त खोक्यावर होते. हे सारे आम्हांस तोंडपाठ होते. तरीही तांबड्या शाईने खोडलेला आकडा पाहिला की आमच्यातील निरीक्षक रजेवर जाई आणि गिऱ्हाईक तेवढे उरे.

त्याचा दंड आम्ही भरला तो पुतण्याच्या लग्नात. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानाच्या सेलमध्ये घेतलेले काळे बूट खास त्या दिवसासाठी खोक्यात जपून ठेवले होते. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि वाढप करता करता पाऊल हलके लागू लागले. मागे पाहिले तो कार्यालयाच्या फरशीवर काळ्या भुग्याची रांग. उजव्या बुटाचा तळ निम्मा गळून पडला होता. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चर्मकाराकडे गेलो. त्याने बूट उलटा करून नखाने टोकरला व म्हणाला, "साहेब, शिवण असती तर उसवून नवी घातली असती. ह्यात शिवणच न्हाई, निस्तं सोल्युशन हाय. आन् तळ पिठागत झालाय. टाका धरायला खाली काय तरी नको का?" घरी येऊन खोके पाहिले. निर्मितीचा महिना आमच्या खरेदीच्याही तीन वर्षे आधीचा! पॉलियुरेथेनचा तळ हवेतील दमटपणाने वर्षानुवर्षे आतून कुजतो, न घालताही कुजतो, आणि बेळगावच्या पावसाळ्यात दमटपणाला काय तोटा? जन्मभर दुसऱ्यांच्या खोक्यांवरचा महिना तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या खोक्यावरचा महिना वाचला नव्हता.

मग आम्ही हिशेबाची वही काढली. पाच वर्षांत सवलतीचे नऊ जोड, एकूण रुपये ८,६४०. सरासरी ९६० रुपये. दिसावयास किती स्वस्त! परंतु त्यांपैकी नीट वापरले गेले दोनच. बाकीचे चावणारे, सैल, उसवलेले किंवा रंगामुळे घालवेनात असे. म्हणजे वापरलेला प्रत्येक जोड ४,३२० रुपयांस पडला. याच काळात आमच्या पायांची खरी सेवा केली ती २०१४ साली अथणीहून आणलेल्या कोल्हापुरी चपलेने. तिचा तळ दोनदा बदलला, वाद्या एकदा. ती आजही दारात आहे.

येथेच मुख्य मुद्दा येतो. पैसे गेले, हे दुःख सोसता येते. परंतु आम्ही घासाघीस कोठे करतो व मान कोठे तुकवितो, हे पाहिले की मन अधिक खिन्न होते. काचेच्या दुकानात छापील चिठ्ठीपुढे आपण अवाक्षर काढीत नाही. तेथून बाहेर पडून अथणी-निपाणीकडच्या कारागिरापुढे उभे राहिलो की मात्र आपल्या वाणीला बहर येतो. "एवढ्याशा चपलेला पंधराशे? नऊशे घे!" ज्या चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात मुरविलेले असते, जिचा तळ खिळ्यावाचून कातड्याच्याच वादीने शिवलेला असतो, जिच्या पट्ट्यावरची वेणी बहुधा घरातल्या बाईने घातलेली असते, तिच्या किमतीत आपल्याला लबाडी दिसते, आणि जिच्या किमतीतच लबाडी छापलेली आहे, तिथे आपल्याला उपकार दिसतो. मजुरी दिसते तेथे घासाघीस आणि मजुरी दिसत नाही तेथे शरणागती, असा हा आपला व्यवहार आहे.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकाचे चार, असे दोन्ही राज्यांचे ते सामाईक मानांकन आहे. ज्या सीमेवर आमच्या दोन पिढ्या भांडल्या, ती सीमा चपलेने निमूट ओलांडली! पुढे जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन-सोहळ्यात प्रादा या इटालियन कंपनीने तसल्याच चपला उगमाचा उल्लेख न करता मिरविल्या, तेव्हा आमच्या बैठकीतून केवढा संताप उसळला! टीकेनंतर कंपनीने उगम मान्य केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. पण त्या संतप्त मंडळींपैकी किती जणांनी त्या वर्षी कारागिराकडून एक जोड त्याने सांगितलेल्या भावाने घेतला? आम्ही स्वतः घेतला नव्हता, हे नमूद करतो.

यावर कोणी म्हणतील, स्वस्त पादत्राणांमुळेच गरिबाचा पाय झाकला गेला. हे खरे आहे आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. ज्याला एकच जोड परवडतो, त्याने तो मिळेल तितका स्वस्त घ्यावा. तो एकच घेतो आणि झिजेपर्यंत वापरतो. खरी काटकसर त्याचीच. कोणी म्हणतील, आमच्या आषाढसरीत कोल्हापुरी टिकत नाही. तेही खरे, पावसाळ्यात रबरी चप्पल घालावी, आम्हीही घालतो. आमचे म्हणणे आहे ते निवृत्तिवेतन वेळेवर मिळणाऱ्या, पायाला गरज नसताना मनाला गरज भासणाऱ्या आपल्यासारख्यांविषयी.

'पायीची वहाण पायीच बरी' अशी म्हण आपल्या भाषेत आहे. वहाणेसोबत ती घडविणारा हातही आपण पायाशीच ठेवला, हे त्या म्हणीत न सांगता आले आहे. या कानडी मुलुखात हरळय्यांची कथा सांगतात. बसवण्णांनी या चर्मकार शरणास वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या मानाचे ऋण फेडावे म्हणून हरळय्या व त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवून नेले; आणि ते पायांत घालण्याची आपली योग्यता नाही, असे म्हणून बसवण्णांनी ते मस्तकी धरले. तेवढी थोरवी आपल्याकडून कोणी मागत नाही. मागणे इतकेच की कारागिराने सांगितलेला भाव एकदा मुकाट्याने द्यावा, आणि तांबड्या शाईने खोडलेला आकडा दिसला की खोके उलटे करून महिना वाचावा.

आमच्या फळीवरचे सात जोड आम्ही अजून टाकलेले नाहीत. येता-जाता ते दिसत राहावेत, अशी आमची इच्छा आहे.