लष्करी ट्रकचा रंग : काय पुसावे, काय राखावे?

१/ लष्कराने निकाली काढलेला ट्रक लिलावात विकला गेला की नव्या मालकाचे पहिले काम ठरलेले असते, ते म्हणजे रंग बदलणे. अनेकांना हा हौसेचा भाग वाटतो. वस्तुतः तो कायद्याचा आदेश आहे. मात्र त्या आदेशाच्या आड इतिहासही खरवडला जातो, आणि त्याची गरज नसते. #थ्रेड

२/ केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२१ स्पष्ट आहे : संरक्षण खात्याची वाहने वगळता कोणत्याही वाहनास ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. शेतकऱ्याचा ट्रॅक्टरही यातून सुटत नाही.

३/ हा नियम जाचक नाही. गणवेश आणि वाहन यांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि त्याच विश्वासाचा गैरफायदा घेतला जातो. मे २००२ मध्ये जम्मूजवळील कालूचक येथे हल्लेखोर भारतीय सैन्याच्याच गणवेशात आले होते. रस्त्यावर धावणाऱ्या खासगी ट्रकने हिरवा रंग उतरवलाच पाहिजे.

४/ पण हा रंग आला कुठून? ‘खाकी’ म्हणजे फारसी ‘खाक’चा, धुळीचा रंग. एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीच्या उघड्या माळावर तो उपयोगी ठरला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात मात्र तो लपेना. तेथे हिरव्याची सरशी झाली. रंग बदलला तो रणभूमी बदलली म्हणून.

५/ हा रंग मुद्दाम निस्तेज ठेवला जाई. चकाकणारा पत्रा ऊन परावर्तित करतो आणि विमानातून दुरूनच दिसतो. म्हणून चौकात वा शाळेच्या आवारात ठेवलेल्या लष्करी वाहनास दर वर्षी चकचकीत ऑइल पेंट फासणे हा सन्मान नव्हे. ते वाहन ज्या रूपात लढाईसाठी सिद्ध होते, तेच रूप त्यामुळे नाहीसे होते.

६/ शक्तिमान ट्रकचे उदाहरण घ्यावे. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने तो जबलपूरच्या आयुध निर्माणीत तयार होऊ लागला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत सैन्याची रसद वाहणारा हा ट्रक. त्याच्या क्रमांकाच्या आरंभी वर टोक केलेला बाण असतो, आणि त्यामागोमाग वर्ष सांगणारे दोन अंक. ती पाटी म्हणजे त्या वाहनाचा जन्मदाखलाच.

७/ पुणे जिल्ह्याला लष्कर परके नाही. खडकी, देहूरोड, दापोडी ही नावे घरोघरी माहीत आहेत. उद्या अवसरी बुद्रुकच्या एखाद्या अंगणात असा ट्रक येऊन उभा राहिला आणि मंचरच्या बाजारात माल वाहू लागला, तर त्याचा मालक काय करील? पत्रा खरवडील, रेड ऑक्साइडचा हात देईल, वर भडक रंग चढवील. गंज थांबवण्यासाठी यातले बरेच काही आवश्यकही आहे.

८/ तरीही तीन गोष्टी विनाखर्च होऊ शकतात. खरवडण्यापूर्वी चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. जुना क्रमांक आणि चिन्हे वहीत उतरवावीत. आणि बॉनेटच्या आतील बाजूस वीतभर जागा तशीच सोडावी. तिथल्या थरांत त्या वाहनाचे सगळे आयुष्य एकावर एक साठलेले असते. बाहेरून ट्रक नियमाप्रमाणे रंगवलेला असल्यावर, आतल्या वीतभर जागेने कोणाची फसवणूक होत नाही.

९/ संग्रहालयात वा स्मारकात उभ्या वाहनाची गोष्ट निराळी. तेथे मूळ रंग हाच पुरावा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात लोक येतात ते खरे यंत्र पाहायला. स्मारकावर न झालेल्या पलटणीचे चिन्ह किंवा मनाने रचलेला क्रमांक रंगवणे हे तर खोटे कागद तयार करण्यासारखेच आहे.

१०/ थोडक्यात, धावत्या ट्रकने हिरवा रंग सोडावा, कारण तो सैनिकाचा आहे. उभ्या ट्रकने तो जपावा, कारणही तेच आहे. ब्रश हाती घेण्यापूर्वी एवढा भेद ओळखता आला, तरी पुष्कळ इतिहास वाचेल.