पडद्यावरील इतिहास

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळीत. १९२६ साली धुळ्यास त्यांचे देहावसान झाले. तेथील राजवाडे संशोधन मंडळ असे कागद आजही जपून आहे. आता तर जळगावचा विद्यार्थी १८८० साली निघालेला ‘खानदेश गॅझेटियर’ हा सरकारी माहितीग्रंथ घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर वाचू शकतो. ही सोय मोठीच! परंतु त्याच पडद्यावर निनावी, निराधार कहाणीही तितक्याच ऐटीने मिरवते. कोणी, केव्हा व कशाच्या आधारे लिहिले हे जेथे सांगितलेले नाही, तो मजकूर इतिहास म्हणून वर्गात आणू नये. अस्सल ग्रंथालाही हे प्रश्न विचारावेतच. गॅझेटियर इंग्रज सरकारने राज्यकारभाराच्या सोयीसाठी सिद्ध करविला; त्यात भिल्लांचे वर्णन आहे, पण ते भिल्लांनी केलेले नव्हे.