खात्याची चौकशी आणि जेल शिपायाचा वकील



बॅरकीच्या झडतीत मोबाईल सापडला, खुल्या कारागृहातून एखादा बंदी निघून गेला, कोठडीत कोणी गळफास घेतला, की दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात. 'इतके कर्मचारी निलंबित.' वाचणारा पान उलटतो. ज्याचे नाव त्या आदेशात असते, त्याच्या घरात मात्र त्या दिवसापासून मुलांची फी, घराचा हप्ता आणि म्हाताऱ्यांचे औषध यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

येरवडा, आर्थर रोड, नाशिक रोड, नागपूर, अमरावती, कळंबा अशा कारागृहांत शिपाई, हवालदार म्हणून राबणारी माणसे तुमच्या-आमच्या वस्तीतलीच आहेत. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आत असताना तिथे तिपटीहून जास्त बंदी ठेवल्याचे प्रसंग अनेकदा आले. अशा गर्दीत काही घडले की बोट प्रथम शिपायाकडे जाते. तो दोषी असेल किंवा नसेल. पण ते ठरवण्याची एक रीत आहे, आणि ती रीत आपल्या माणसाला ठाऊक नसते. म्हणून आज या सदरात तोच विषय घेतो.

संविधानाचे कलम 311 सांगते की सरकारी नोकराला त्याची नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही. तसेच बडतर्फ करण्यापूर्वी, कामावरून काढण्यापूर्वी किंवा खालच्या पदावर उतरवण्यापूर्वी त्याच्यावरील आरोप त्याला कळवले पाहिजेत आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. याला अपवाद आहेत. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली, चौकशी घेणेच व्यवहार्य नाही असे अधिकाऱ्याने कारणे लिहून नोंदवले, किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला, तर चौकशीविनाही नोकरी जाऊ शकते. एरवी चौकशी झालीच पाहिजे. आपल्या राज्यात ती महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 प्रमाणे चालते.

आता वकिलाचा प्रश्न. बॅरकीत बसलेल्या बंद्याला वकील मिळण्याचा हक्क आहे. ऐपत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळतो. पण त्याच बॅरकीवर पहारा देणाऱ्या शिपायाला खात्याच्या चौकशीत वकील आणण्याचा हक्क आपोआप नाही. नियम 8 त्याला दुसऱ्या एखाद्या सरकारी नोकराची मदत घेऊ देतो. त्याला बचाव सहाय्यक म्हणतात. वकील दोनच वेळा आणता येतो. खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी स्वतः वकील असेल तेव्हा, किंवा प्रकरणाची परिस्थिती पाहून शिस्तभंगविषयक अधिकाऱ्याने परवानगी दिली तर.

पण परवानगी मागितल्याशिवाय मिळत नाही. आपला माणूस नेमका इथे चुकतो. 'साहेबांना राग येईल' म्हणून तो अर्जच देत नाही. मुंबई बंदराच्या एका कर्मचाऱ्याचे प्रकरण 1980 नंतरच्या वर्षांत सर्वोच्च न्यायालयात गेले होते. बंदराच्या व्यवस्थापनाने आपल्या कायदा सल्लागारांनाच सादरकर्ते म्हणून उभे केले आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. एका बाजूला कायद्यात मुरलेली माणसे आणि दुसऱ्या बाजूला एकटा कामगार, ही लढत बरोबरीची नाही, हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्या कर्मचाऱ्याने वकील मागितला होता, नकार कागदावर होता, म्हणून तो पुढे दाद मागू शकला. तेव्हा सादरकर्ता कायद्याचा पदवीधर आहे काय याची माहिती काढा. प्रकरण गुंतागुंतीचे असेल, साक्षीदार बरेच असतील, त्याच प्रसंगावरून फौजदारी खटलाही चालू असेल, तर ही कारणे लिहून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा.

वकील नाही मिळाला तर बचाव सहाय्यक नीट निवडा. दोस्तीखातर कोणालाही उभे करू नका. आस्थापना शाखेत काम केलेला, नियम वाचणारा, साक्षीदाराला चार सरळ प्रश्न विचारू शकणारा माणसू शोधा. तो आपल्याच कारागृहातला असला पाहिजे असे नाही. चौकशीच्या खोलीत वकील येऊ शकला नाही, तरी खोलीबाहेर त्याचा सल्ला घ्यायला कोणाची मनाई नाही. दोषारोपपत्राचे उत्तर वकिलाला दाखवूनच द्यावे.

सहाय्यकाने पहिले काम कागदांचे करावे. दोषारोपपत्रासोबत साक्षीदारांची आणि कागदपत्रांची यादी असते. त्यातला प्रत्येक कागद पाहायला मागावा. त्या दिवसाचा ड्यूटी तक्ता, गेटवरची नोंदवही, झडतीचा पंचनामा, कॅमेऱ्याचे चित्रण आणि प्राथमिक चौकशीत घेतलेले जबाब मागावेत. मोबाईल सापडला तेव्हा त्या बॅरकीवर नेमके कोण होते, किती बंद्यांमागे किती शिपाई होते, झडती शेवटची कधी झाली, हे कागदच सांगतील. साक्षीदाराची उलटतपासणी सोडू नये. रोजनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. आपण बोललो ते त्यात आले नसेल तर तिथेच लेखी हरकत द्यावी.

अनेकांना वाटते, इथे काय व्हायचे ते होवो, आम्ही पुढे 'मॅट'मध्ये जाऊ. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण 1991 पासून आहे आणि तिथे वकील लावता येतो हे खरे. पण न्यायाधिकरण साक्षीपुरावा पुन्हा पहिल्यापासून तोलत नाही. चौकशी नियमाने झाली काय, निष्कर्षाला काही पुरावा आहे काय, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फारच भारी आहे काय, एवढेच ते मुख्यतः पाहते. चौकशीच्या खोलीत जो प्रश्न विचारला गेला नाही, तो पुढे मोठ्यातला मोठा वकीलही विचारू शकत नाही. म्हणून खरी लढाई त्या खोलीतच असते.

चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल आला की त्याची प्रत मिळणे हा तुमचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1990 आणि 1993 साली हे स्पष्ट केले. 1976 च्या घटनादुरुस्तीपूर्वी शिक्षेबाबत वेगळी संधी देणे बंधनकारक होते, ते आता नाही. म्हणून अहवालावरचे उत्तर हीच शेवटची मोठी संधी समजून ते मुद्देसूद लिहावे. शिक्षेचा आदेश निघाला तर आधी खात्यात अपील करावे. त्याला मुदत असते, दिवस मोजत राहावे. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तरी न्यायाधिकरणाचे दार उघडते, आणि त्यानंतर तिथे अर्ज करायला साधारण एक वर्ष मिळते.

वकिलाच्या फीची चिंता असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीसाठी अर्ज करता येतो. त्यात न्यायाधिकरणापुढील कामही येते. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. तेव्हा जातीचा दाखला काढून ठेवा आणि जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जा. आपल्या महिला शिपाई भगिनींनीही हा हक्क विसरू नये.

घरच्या माऊलीसाठी दोन शब्द. निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. दुसरीकडे नोकरी करत नाही, असे प्रमाणपत्र त्यासाठी वेळेवर द्यावे लागते. तीन महिन्यांनंतर भत्ता वाढू शकतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली सांगितले आहे. तारीख उलटली की आठवणीचा अर्ज द्यायला लावा. प्रत्येक कागद एका फाईलीत तारखेप्रमाणे लावण्याचे काम तुम्ही हाती घ्या. घाबरलेल्या माणसाच्या हातून कागद हरवतात.

फौजदारी खटला आणि खात्याची चौकशी या दोन वेगळ्या वाटा आहेत. खटल्यात वकिलाचा हक्क पूर्ण आहे. पण कोर्टातून सुटलो म्हणजे नोकरी आपोआप परत मिळाली, असे नाही. चौकशीत पुराव्याची पायरी कोर्टापेक्षा खालची असते.

काही वाचक विचारतील, बंद्याला मारहाण करणाऱ्या शिपायाचीही बाजू घ्यायची काय? 2017 साली भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदिनीचा मृत्यू झाला आणि तिथल्या महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली, हे आम्ही विसरलेलो नाही. कोठडीतल्या माणसावर हात उचलणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, मग तो आपल्या वस्तीतला का असेना. पण ती शिक्षा बाजू ऐकून झाली तरच टिकते. चौकशी घाईने उरकली की खरा दोषी तांत्रिक मुद्द्यावर सुटतो आणि ज्याची त्या दिवशी ड्यूटीच नव्हती तो अडकतो. बंद्यासाठी आपण जो न्याय मागतो, तोच शिपायालाही लागू आहे.

आपल्या नात्यात, शेजारात कोणी कारागृहाच्या नोकरीत असेल तर हे पान त्याच्या हाती द्या. नोटीस येण्याआधीच ते त्याच्या वाचनात आले तर बरे.