शून्य संसर्गाचा दावा आणि खरा हिशेब



घरातील वृद्ध व्यक्ती अंगणात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले, की सावली परिसरातील कुटुंबापुढे पहिला प्रश्न रुग्णालयाचा असतो. गडचिरोली जवळ, चंद्रपूर त्याहून लांब, नागपूर आणखी लांब. त्यातच कोणी सांगतो, ‘मोठ्या दवाखान्यात इन्फेक्शन फार होते.’ कोणी लहान रुग्णालयाची ग्वाही देतो, ‘तिथे आजवर एकालाही झाले नाही.’ अशा ऐकीव तुलनेवर निर्णय घेणे धोक्याचे आहे.

दाखल होताना नसलेला आणि साधारणतः ४८ तासांनंतर प्रकट होणारा संसर्ग रुग्णालयात जडलेला मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, श्रीमंत देशांत दर १०० दाखल रुग्णांपैकी ७ आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ रुग्णांना असा संसर्ग होतो. म्हणजे प्रश्न एखाद्याच रुग्णालयाचा नाही.

मग तुलना कशी करावी? केवळ रुग्णसंख्या मोजून नव्हे. लघवीच्या नळीमुळे होणारा संसर्ग नळी घातलेल्या दर १००० दिवसांमागे मोजतात. समजा, एका मोठ्या रुग्णालयात असे १०,००० दिवस भरले आणि २० संसर्ग झाले, प्रमाण २. लहान रुग्णालयात ५०० दिवसांत ३ झाले, प्रमाण ६. वीस हा आकडा मोठा दिसतो, पण धोका दुसरीकडे तिप्पट आहे. अर्थात, आकडे इतके लहान असतील तर एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये.

रुग्णही सारखे हवेत. मधुमेही, अतिदक्षता विभागातील आणि इतरांनी पुढे पाठवलेले रुग्ण जिथे येतात, तिथे संसर्ग अधिक होणारच.

तुलना न्याय्य असेल, तर ती प्राण वाचवते. व्हिएन्नाच्या एकाच रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. स्त्रिया दिवसाआड या किंवा त्या विभागात दाखल होत. तरीही विद्यार्थी-डॉक्टरांच्या विभागात शेकडा सुमारे १० माता दगावत, सुइणींच्या विभागात सुमारे ४. डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली शवविच्छेदनाहून येणाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्यास लावले. १८४८ मध्ये दोन्ही विभागांचे प्रमाण जवळजवळ सारखे झाले.

आणि ‘शून्य’? जिथे लघवी वा रक्ताची कल्चर तपासणीच होत नाही, तिथे संसर्ग सापडणार कसा? शस्त्रक्रियेची जखम घरी परतल्यावरही चिघळते. हाडात प्लेट वा कृत्रिम सांधा बसवला असेल, तर ९० दिवसांपर्यंत लक्ष ठेवतात. रुग्णाची पुढे विचारपूस न करणाऱ्या रुग्णालयाच्या नोंदीत तो संसर्ग येतच नाही. म्हणून आकडे उघडपणे सांगणाऱ्या रुग्णालयाला त्याबद्दल शिक्षा देऊ नका.

तेव्हा ‘इन्फेक्शन होते का?’ एवढेच विचारू नका. ‘तुम्ही ते कसे मोजता? कल्चर कुठे पाठवता? सुटीनंतर जखमेची चौकशी करता का?’ असे विचारा. तातडीच्या वेळी मात्र या चौकशीत वेळ दवडू नका; उपचार मिळतील तिथे तत्काळ न्या. दाखल केल्यावर आपल्या हाती दोन गोष्टी उरतात: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी प्रत्येकाने हात स्वच्छ करणे, आणि रोज सकाळी डॉक्टरांना नम्रपणे विचारणे, ‘ही नळी आजही आवश्यक आहे का?’